लेगो घ्यावं की ‘लेगोसारखं’? एका डायमेकरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला सहा पूर्ण होतायत, वाढदिवसाला ब्लॉक्सचा डबा द्यायचाय. लेगोचा डबा चार हजारांच्या वर जातोय. शेजारच्याच फळीवर तेवढेच तुकडे असलेला, अगदी तसाच दिसणारा डबा हजार-बाराशेला आहे. दुकानदार म्हणतो, ‘सेम टू सेम आहे, लेगोलाच बसतो.’ शेवटी प्लास्टिकच ना? मग वरचे तीन हजार कशाचे?

मी भोसरी एमआयडीसीत वीस वर्षं इंजेक्शन मोल्डचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढायचं काम केलंय. डाय, म्हणजे ते साचे, बनवल्या, ट्रायल घेतल्या, ‘पीस बसत नाही’ म्हणून कस्टमरचं ऐकूनही घेतलं. आता शनिवार-रविवार मुलांचे ब्लॉक्स आणि गिअर्सचे वर्ग घेतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज हाताखालून जातात. दुकानदार खोटं बोलत नाहीये. बसतो. पण शंभरावा ठोकळाही पहिल्याइतकाच घट्ट बसतो का, हे त्याला विचारून उपयोग नाही, कारण त्याने डबा उघडलेलाच नसतो.

आधी ठोकळा हातात घेऊन बघू. आठ बटणांचा, म्हणजे दोन गुणिले चारचा. (वर्गातली मुलं वरच्या गोल उंचवट्यांना बटणंच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. बटणाचा व्यास ४.८. ठोकळ्याची उंची बटण सोडून ९.६, आणि चपट्या पट्टीची बरोबर त्याचा तिसरा हिस्सा, ३.२. आता ठोकळा उलटा करा. आत तीन पोकळ नळ्या दिसतील. चार बटणांच्या चौकोनाचा कर्ण येतो ११.३१ मिलिमीटर. त्यातून समोरासमोरच्या दोन बटणांचे अर्धे-अर्धे व्यास, म्हणजे ४.८, वजा केले की उरतात ६.५१. नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच. म्हणजे खालच्या ठोकळ्याची बटणं एका बाजूने या नळीला आणि दुसऱ्या बाजूने भिंतीला टेकतात, भिंत अगदी किंचित बाहेर वाकते, आणि तिच्या परत येण्याच्या जोरावर सगळी पकड उभी असते. स्क्रू नाही, गोंद नाही. नुसती प्लास्टिकची लवचिकता.

या नळ्यांचं पेटंट डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या लेगो कंपनीने २८ जानेवारी १९५८ ला दाखल केलं. त्याआधीचे त्यांचे ठोकळे खालून नुसते पोकळ होते आणि सुटून यायचे. तेव्हा माल होता सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक, जे काही वर्षांनी वाकतं. १९६३ पासून एबीएस हे दुसरं प्लास्टिक आलं आणि १९५८ च्या त्या मापाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. साठ-पासष्ट वर्षं माप हलू न देणं म्हणजे काय, हे ज्याने एक डाय दोन वर्षं चालवलीय त्याला विचारा.

आता फरक कुठे पडतो ते. आमच्या धंद्यात लोकांना वाटतं, सगळा खेळ डायचा. निम्मा आहे. उरलेला निम्मा मशीनवर होतो. एबीएस साच्यात थंड होताना आकसतं, साधारण ०.४ ते ०.७ टक्के. ३२ मिलिमीटरच्या ठोकळ्यावर अर्धा टक्का म्हणजे ०.१६ मिलिमीटर. हे आकसणं धरूनच डाय मोठी कापतात. पण आकसणं दर शॉटला, म्हणजे साचा भरेल त्या प्रत्येक वेळी, तेवढंच यायला हवं ना? त्यासाठी दाणा, म्हणजे कच्चं प्लास्टिक, एकाच लॉटचा हवा. तो मशीनवरच्या हॉपर ड्रायरमध्ये ८० अंशांवर दोन-चार तास वाळलेला हवा, नाहीतर ओलाव्याने तयार पीसवर चांदीसारखे चरे उठतात. डायचं तापमान स्थिर हवं. पीस साच्यात पुरेसा थंड झाल्यावरच बाहेर पडायला हवा. स्वस्त माल काढणारा नेमकं इथे वाचवतो. दाण्यात रीग्राइंड मिसळतो, म्हणजे मागचे रनर (साच्याच्या वाटांत उरलेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट पीस दळून परत तेच. थोडं मिसळलं तर बिघडत नाही, पण ‘थोडं’ची व्याख्या महिनाअखेरीला बदलते. सायकल टाइम, म्हणजे एका शॉटला लागणारा वेळ, दोन सेकंदांनी कमी केला की दिवसाला कितीतरी पीस जास्त निघतात, आणि पीस गरम असतानाच बाहेर पडून टोपलीत मनासारखा वाकतो.

आणि डाय झिजते. ती झिजली हे पहिल्यांदा कळतं फ्लॅशवरून: कडेला पापुद्र्यासारखी पातळ झालर येते, नखाला लागते. चांगला कारखाना त्या दिवशी डाय उतरवतो. दुसरा कारखाना एक पोरगा ब्लेड घेऊन बसवतो.

म्हणून बाजारातल्या ‘लेगोसारख्या’ डब्यातला कुठलाही एक ठोकळा उचलून लेगोशी ताडून बघितला तर फरक जाणवत नाही. वीस उचला. दोन इतके घट्ट की सहा वर्षांच्या बोटांना निघत नाहीत, तीन इतके सैल की उलटं धरलं की पडतात, बाकीचे बरे. ते बरे असण्याचा उपयोग शून्य, कारण भिंत पडते ती सैल तिघांमुळे.

चूक साठत जाते, हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. दहा ठोकळे ओळीने एका तळपट्टीवर बसवायचेत. प्रत्येकाला जागा ३२ मिलिमीटर आणि मूळ ठोकळा मुद्दाम ३१.८ चा ठेवलेला, म्हणजे दोन ठोकळ्यांमध्ये ०.२ ची फट. समजा तुमचा ठोकळा ३२.०५ चा निघाला. एकटा झकास बसतो. दुसरा शेजारी लावला तर किंचित दाबावा लागतो. सहाव्या-सातव्याला तळपट्टी धनुष्यासारखी वर उचलली जाते आणि मूल म्हणतं, ‘सर, माझं चुकतंय.’ त्याचं काहीच चुकत नसतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी ब्लॉक्सचा किल्ला करायचं ठरवलं, मातीच्या ऐवजी. महादरवाजाचे दोन बुरूज आणि मधली कमान. मी पैसे वाचवायला नव्या बॅचसाठी बाजारातले दोन मोठे डबे आणले होते, तेच वापरले. एक बुरूज त्या मालाचा, दुसरा आमच्याकडच्या जुन्या लेगोचा. सोळा थरांनंतर दोन्हींवर एक लांब पट्टी टेकवायची वेळ आली, तेव्हा एका बाजूला ती बसली आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी राहिली. मी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. एका थरात कागदाएवढा फरक, सोळा थरांत मिलिमीटरच्या वर. मुलांनी तोडगा काढला तो माझ्यापेक्षा बरा होता: दोन्ही बुरूज पाडून प्रत्येक थरात दोन्ही माल मिसळले. कमान बसली, पण बुरूज वाकडा दिसायला लागला. ‘जुना किल्ला आहे ना, चालतंय,’ एक जण म्हणाला.

आता दुसरी बाजू, कारण लेगोवाले भक्तही मला फारसे पटत नाहीत. ते वरचे तीन हजार सगळे मापातल्या अचूकपणाचे नाहीत. आठ बटणांच्या ठोकळ्याचं वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. पाचशे तुकड्यांच्या मिश्र डब्यात प्लास्टिक किलोच्या आतच भरतं, आणि चांगलं एबीएस किलोला शेकड्यांत मिळतं, हजारांत नाही. कच्चा माल हा किमतीतला चिल्लर भाग आहे. मोठा वाटा डिझाइन, जाहिरात, सिनेमांची लायसन्स यांचा, आणि भारतात सगळ्यात दुखणारा वाटा सीमाशुल्काचा. खेळण्यांवरची ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या मावशीच्या बॅगेतला डबा आणि आपल्या मॉलमधला तोच डबा यांच्या किमतीत एवढी तफावत दिसते. मावशी येणार असेल तर वाढदिवस थोडा पुढे ढकलायला हरकत नाही.

आणि ‘लेगोसारखं’ हा एकच माल नाही. यात तीन वेगवेगळी माणसं एकाच रांगेत उभी आहेत. एक म्हणजे सरळ चोर, जो लेगोचा सेट, डब्यावरचं चित्र, माहितीपुस्तिका सगळं जसंच्या तसं छापतो. चीनमधल्या लेपिनचं प्रकरण गाजलं. शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये छापे घातले आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद आणि ९ कोटी युआनचा दंड झाला. दुसरा म्हणजे आपला बाजारातला बिननावाचा डबा, ज्यावर नाव दर सहा महिन्यांनी बदलतं. तिसरा गंभीर कारखानदार. पोलंडची कोबी स्वतःचे रणगाडे आणि विमानं डिझाइन करते आणि नक्षी स्टिकरऐवजी छापून देते. चीनची गोब्रिक्स तर फक्त तुकडे बनवते आणि बऱ्याच चिनी ब्रँडच्या डब्यांत तिचाच माल असतो. त्यांचे ठोकळे मी डोळे मिटून बसवलेत. पकड किंचित घट्ट वाटते, पण सगळ्यांची सारखी, आणि सारखी आहे हे महत्त्वाचं. याउलट, लेगोचे लालसर तपकिरी जुने तुकडे ठिसूळ होऊन काढताना चिरतात, ही जगभरच्या हौशी लोकांची तक्रार आहे. महागड्या सेटमध्येही स्टिकर देतात, हीसुद्धा.

‘मग कॉपी घेणं म्हणजे चोरीला हातभार नाही का?’ असं एका आईने विचारलं होतं. ठोकळ्याचा आकार आणि सेटचं डिझाइन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पेटंट केव्हाच संपलंय. नंतर लेगोने ठोकळ्याचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखायचा प्रयत्न केला, पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मेगा ब्लॉक्स या प्रतिस्पर्धी ठोकळेवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१० मध्ये युरोपियन न्यायालयानेही सांगितलं की हा आकार कामाचा आहे, त्यावर कायमची मालकी मिळणार नाही. आणि मुळात ठोकळ्याची कल्पना लेगोचीही नव्हती. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे ठोकळे बघून लेगोने १९४९ मध्ये आपले आणले, आणि किडीक्राफ्टचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्ये. तेव्हा जुळणारा ठोकळा घेताना मनाला लावून घेऊ नका. डब्यावर दुसऱ्याचं डिझाइन चोरून छापलेलं असेल तर मात्र घेऊ नका.

सुरक्षेच्या बाबतीत मी हट्टी आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतात आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्काखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभराचं काम. मार्क नसेल तर डबा कितीही छान दिसो, खाली ठेवा. डब्यावर नुसतं ‘१४+’ छापलेलं असेल आणि आत लहान मुलांचेच ठोकळे असतील, तर त्यामागचं कारण तुम्हीच ओळखा. उघडल्यावर रॉकेलसारखा उग्र वास आला तर परत करा, दोन दिवस गच्चीत ठेवून ‘वास जाईल’ असं म्हणू नका. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर प्रश्न ब्रँडचा उरतच नाही. सुटे बारीक तुकडे, लेगोचे असोत की कुणाचे, त्याच्या हाती लागता कामा नयेत.

दुकानात डबा उघडू देणार नाहीत, पण घरी आल्यावर बिल फेकून द्यायच्या आधी एवढं करा. एकाच आकाराचे वीस ठोकळे एकावर एक रचा, वरचा एक धरून मनोरा हवेत लटकवा आणि हलकासा झटका द्या. पडला तर कुठून तुटला ते बघा. त्याच मनोऱ्याच्या कडेला स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा. उजेड ठिकठिकाणी कमीजास्त दिसला तर ठोकळे वाकलेत. मग एखादी चपटी पट्टी पाण्याच्या ग्लासात टाका. खालच्या पोकळीत हवेचा बुडबुडा अडकतो, तो टाचणीने काढा, नाहीतर काहीही तरंगेल. एबीएस बुडतं. तरंगली तर ती पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकची आहे. ते एबीएसपेक्षा कितीतरी जास्त आकसतं आणि गुळगुळीत असतं, म्हणून त्याची पकड लवकर ढिली पडते. बुडली म्हणजे पास असं समजू नका, कारण पॉलिस्टायरीन हे स्वस्त प्लास्टिकही बुडतं. त्यासाठी ठोकळा फरशीवर टाका. पॉलिस्टायरीन काचेसारखं टणटण वाजतं, एबीएसचा आवाज बसका येतो. हे कानाला दोन-चार वेळा ऐकून कळतं, माझ्या टूलरूममधली पोरं तर पाठ करून ओळखायची.

आता तुमच्या मुलीसाठी. सहा वर्षांच्या मुलीला सिनेमातला सेट नको, साधे ठोकळे द्या. तुकड्यांच्या आकड्याला भुलू नका. स्वस्त डब्यात हजार तुकड्यांपैकी चारशे एका बटणाचे निघतात, ते झाडूत जातात. आठ बटणांचे फक्त सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात, याचा हिशेब कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी केला होता: ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. तेव्हा दीडशे-दोनशे चांगले ठोकळे तुमच्या घरी दोन वर्षं पुरतील.

मी असतो तर लेगोचा साध्या मिश्र ठोकळ्यांचा सगळ्यात लहान नाहीतर मधला डबा घेतला असता, आणि उरलेल्या पैशांत दुसऱ्या चांगल्या ब्रँडची, आयएसआय असलेली मोठी तळपट्टी. तळपट्टीत पकडीचा फारसा भाग नसतो, तिथे वाचवलेले पैसे खुपत नाहीत. वर्गात माझाही नियम हाच आहे: भार घेणारं, वळणारं, फिरणारं सगळं एकाच चांगल्या मालाचं, आणि आतली भर कशाचीही. गिअर आणि दांडे असलेले सेट मात्र बाजारातले अजिबात घेऊ नका. दांडा भोकात अडकला की मोटर गरम होते, आणि मुलाला वाटतं आपला गिअर चुकला. मुलगी तीन-चार वर्षांची असती तर मी उलट सांगितलं असतं. दुप्पट मापाच्या मोठ्या ठोकळ्यांत, म्हणजे लेगोच्या ड्युप्लोच्या मापात, भिंती जाड आणि बोटांना पकडायला जागा जास्त. तिथे थोडी चूक खपून जाते, आणि आपल्याकडचे आयएसआयवाले स्वस्त मोठे ब्लॉक्सही छान चालतात.

बजेट हजार-बाराशेच्या वर जातच नसेल तर नाराज होऊ नका, तो स्वस्त डबा घ्या. पण द्यायच्या आदल्या रात्री तासभर बसा, मनोऱ्याची चाचणी करून सैल आणि अतिघट्ट ठोकळे वेगळे काढा. पाचशेतले शंभर गेले तरी चारशे उरतात, आणि मुलीला शंभर कमी मिळाल्याचं कळत नाही, पण पडणारी भिंत लगेच कळते. काढलेले शंभर फेकू नका, पुढच्या दिवाळीत किल्ल्याच्या पोटात भरायला उपयोगी पडतात.

आणि एक. चपट्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की मुलं दातांनी उपटतात. माझ्या वर्गातल्या जुन्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांवर पाच बॅचेसचे दात उमटलेत. लेगोच्या बऱ्याच डब्यांत नारिंगी रंगाचं छोटं तरफेसारखं हत्यार येतं, ब्रिक सेपरेटर. तुमच्या डब्यात नसेल तर सुटं मिळतं, स्वस्तातलं चालेल. पहिल्याच दिवशी ते तिच्या हातात द्या आणि कसं वापरायचं ते एकदा करून दाखवा.